शिट्टी होईपर्यंत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय राजनंदिनीताई, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे सचिव उदयसिंहराव, गडहिंग्लजकर मंडळी, नेसरीहून एसटीत उभ्यानं आलेले माझे भाऊबंद, आणि नऊ वर्षं माझ्या शिव्या खाल्लेल्या माझ्या मुलींनो, सर्वांना केरबा नांदवडेकराचा रामराम.

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, फेटा बांधला. फेटा जरा घट्ट बसलाय, त्यामुळं भाषण आखूड होईल, ही तुमच्यासाठी आनंदाची बातमी. आधीच्या चार वक्त्यांनी मला एवढं उंच नेऊन बसवलंय की उतरायला शिडी लागेल. उदयसिंहरावांनी मला मेजर म्हटलं. आपल्या भागात फौजेत चार दिवस भाकऱ्या भाजून आलेल्यालाही मेजरच म्हणतात, तेव्हा ते मी मनावर घेत नाही. मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आज मुलींच्या या स्वसंरक्षण वर्गातूनही होतोय. गुडघे गेलेत, आणि खरं सांगायचं तर मनही थकलंय.

हा वर्ग सुरू कसा झाला? कॉलेज सुटलं की मुली फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या राहतात आणि मोटारसायकलवाले घिरट्या घालतात. ताई म्हणाल्या, सुभेदार, काहीतरी शिकवा. मला काय येत होतं? कराटे? छे. दहा जवानांची तुकडी कशी चालते, कशी थांबते, कशी मागं सरते, एवढंच मी अठ्ठावीस वर्षं केलेलं. तेच शिकवलं. एकटीनं लढायचं नाही, मिळून चालायचं. दोघी चालतील, दोघी बघतील. आणि मागं सरायची वेळ आली तर एकीनं जागा धरायची, बाकीच्यांनी निघायचं, सुरक्षित ठिकाणी पोचून शिट्टी मारायची. शिट्टी झाल्याशिवाय शेवटच्या माणसानं जागा सोडायची नाही. हे वाक्य मी मैदानावर इतक्यांदा ओरडलोय की कुंपणापलीकडं धुणं वाळत घालणाऱ्या बायडाबाईंनाही पाठ झालंय.

अक्षता तुम्हाला माहीत आहे. ती बघा, तिसऱ्या रांगेत आई मीनाबाईंच्या शेजारी. अडीच वर्षांपूर्वी, उसाचा हंगाम ऐन भरात असताना, संध्याकाळी फाट्यावर दोघं पिऊन आले आणि एकानं तिच्या मैत्रिणीचा, क्रांतीचा हात धरला. अक्षतानं तो हात सोडवला, क्रांती धरून बरोबरच्या दोघींना समोरच्या चहाच्या हॉटेलाकडं पिटाळलं आणि स्वतः जागा धरून उभी राहिली. दोघी पोचल्या. शिट्टी मारली. पण त्याच वेळी रस्त्यानं उसाचे दोन ट्रॅक्टर कर्ण्यावर गाणी लावून चालले होते. त्यात शिट्टी कुठली ऐकू येणार? ही आपली उभीच. हॉटेल अवघ्या चाळीस पावलांवर होतं. माणसं धावून येईस्तोवर त्या दोघांनी तिला रस्त्याकडेच्या दगडांवर ढकललं होतं. उजवं कोपर मोडलं.

पेपरात फोटो आला. तिचा सत्कार झाला, आणि बरोबर माझाही. अशीच शाल होती. मी ती मुकाट्यानं घेतली. पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. गोळाफेकीत तालुक्यात तिच्या जवळपास कुणी नव्हतं. कोपर काही पुरतं सरळ झालं नाही, आणि भरतीच्या तपासणीत तिला बाहेर काढलं. सत्काराला टाळ्या वाजवणारे आम्ही त्या दिवशी तिच्याबरोबर नव्हतो. एकट्या मीनाबाई होत्या.

आता आजवर कुठं बोललो नाही ते बोलतो. ताई, पाच मिनिटं जास्त घेतो. मी तिला बघायला दवाखान्यात गेलो. हाताला प्लास्टर, तरी मला बघून उठायला लागली. म्हणाली, "सर, शिट्टी झालीच न्हाय की. म्हणून थांबलो मी. माझं काय चुकलं काय?"

खरं उत्तर माझ्या ओठावर आलं होतं. फौजेत जो मागं थांबतो त्याच्या हातात रायफल असते. पुढं गेलेल्यांच्याही हातात असते, ते तिथून त्याला सांभाळतात. हिच्या हातात जेवणाचा डबा होता. आणि फाट्यावरची ती जागा राखून आपल्याला काय करायचं होतं? आपल्याला घरी पोचायचं होतं. मी फौजेचा धडा उचलला आणि तसाच पोरींच्या डोक्यावर ठेवला. पण हे बोललो का? नाही. "शाब्बास," म्हणालो, आणि खाली जाऊन चहा प्यालो.

त्यानंतर मी गुपचूप शिकवणं बदललं. सगळ्यांनी एकदम पळायचं, ओरडायचं, माणसांत शिरायचं. पळायला काय शिकायचं मेजर, असं पालक तोंडावर म्हणाले. निम्म्या मुली यायच्या बंद झाल्या. का बदललं ते मी कुणालाच सांगितलं नाही. अक्षता तेव्हा घरीच होती, तिलाही नाही.

माझ्यामागं वर्ग अक्षता घेणार, हे ताईंनी आत्ताच जाहीर केलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण गेल्या रविवारी मी मैदानावर जरा उशिरा पोचलो, तर ती नव्या मुलींना शिकवत होती. वाकडं कोपर वर करून, अगदी माझ्या सुरात, शिट्टी झाल्याशिवाय शेवटच्या पोरीनं जागा सोडायची नाही. समोर सातवी-आठवीतल्या वीस जणी, मान डोलावत होत्या. मी फाटकातच थांबलो. सीमेवर भ्यालो नसेन एवढा भ्यालो.

म्हणून ही शाल अंगावर आहे तोवर बोलून घेतो, घरी गेल्यावर धीर होणार नाही. अक्षता, तुझं काही चुकलं नव्हतं. तुला थांबायला शिकवलं ते माझं चुकलं, आणि अडीच वर्षं गप्प राहिलो ते त्याहून जास्त चुकलं. उद्याच्या वर्गात त्या वीस जणींना हे माझं नाव घेऊन सांग.

असो. संस्थेनं मैदान दिलं, शालूबाईंनी नऊ वर्षं मुलींना पोहे करून घातले, तुम्ही सगळे वेळ काढून आलात, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. दवाखान्यातलं ते 'शाब्बास' मात्र तुम्ही पोटात घालू नका. त्याचं काय करायचं ते तिसऱ्या रांगेतल्या दोघी ठरवतील, आणि सवडीनं ठरवतील.

पोरी, त्या दिवशी शिट्टी झाली होती. इथून पुढं तिची वाट बघायची न्हाय. सगळ्यांनी मिळून निघायचं.

जय हिंद.