वस्तीचा हात

(सक्करदऱ्याकडची वस्ती, १९७४. सासू-सून चहा ठेवून बसलेल्या. स्टोव्ह फुस्स करून विझतो.)

बायजाबाई : रॉकेल संपलं वाटते.

प्रेमिला : संपू द्या. आत्याबाई, परवाच्या सभेत तुम्ही हात वर केला का नाही, तेवढं सांगा.

बायजाबाई : केला. काहून नाही करू? शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष निवडाचा होता. आपला बाबाराव उभा होता, वस्तीतला पोरगा. मी मेंबर हावो, तू नाही.

प्रेमिला : भाषणात काय बोलला तो?

बायजाबाई : शाळा सुधारतो म्हने. पाचवीपासून इंग्रजी, सायन्सची खोली, निकाल शंभर टक्के. बायाइनं टाळ्या वाजवल्या.

प्रेमिला : शंभर टक्के कसा आणणार, तेही सांगितलं असेल.

बायजाबाई : असंल. मी मागं बसली होती. भोंगा खरखर करून राहिला होता.

प्रेमिला : मग आता ऐका. जे लेकरू एकदा नापास झालं, त्याचं नाव काटायचं. झाला निकाल शंभर टक्के!

बायजाबाई : तं आपल्याले काय?

प्रेमिला : आपली उत्तरा कोण आहे मग? टायफाईडनं परीक्षेत पडून होती, पाचवीतच राहिली. आज तिला वर्गातून उठवलं. उद्यापासून येऊ नको म्हणाले.

बायजाबाई : मले काय सपन पडलं होतं? वस्तीचा हात एकच असते. छप्पन साली दीक्षा घ्याले मैदानात सगळे उठले, मीबी उठली. तवा कोनाले इचारलं होतं?

प्रेमिला : तेव्हा कशासाठी उठता ते तुम्हाला माहीत होतं. त्याच्याशी याची बरोबरी करू नका.

बायजाबाई : मॅट्रिक झाली म्हून लय तोंड चालवतं वं! एवढं समजते तं आली काहून नाही सभेले?

प्रेमिला : येत होते. चप्पल घातली होती मी. तुम्हीच म्हणालात, सुना सभेत बसल्या का घरं मोडतात.

बायजाबाई : म्हनलं असंन मी.

प्रेमिला : चला, उठा. बाबारावाकडे जाऊ. म्हणा, माझी नात आहे.

बायजाबाई : अन् तो म्हनंल, बायजाकाकू, तुमीच तं हात वर केला. मंग? लोकाइच्या लेकराइचं नाव काटा, माह्या नातीचं ठेवा, असं म्हनू? कोन्त्या तोंडानं?

प्रेमिला : तसं नका म्हणू. सगळ्यांचीच नावं ठेवा म्हणा.

बायजाबाई : माह्या पाठीमागं गल्लीतल्या साऱ्या बायाइनं हात वर केले, प्रेमिला. माह्याकडं पाहून केले.

प्रेमिला : म्हणूनच तुम्ही चला म्हणते.

बायजाबाई : पाय नाही उचलत माहे.

उत्तरा : आई...

प्रेमिला : तू दारात कधीची उभी आहेस गं?

उत्तरा : आत्ताच आली. आई, शेजारच्या कुसुमताई विचारून राहिल्या, मी कितवीत आहो म्हणून. काय सांगू?