आबांची अक्षरं संपली

(मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक खोली समोर आणा. खिडकीपाशी आरामखुर्ची, तीत आबा बसलेत. घशाच्या ऑपरेशनपासून त्यांना बोलता येत नाही. मांडीवर पाटीएवढं यंत्र आहे. आबा त्यावर लिहितात आणि यंत्र ते आबांच्याच जुन्या आवाजात म्हणून दाखवतं. काही अडलं तर विचारायला यंत्रातच एक बोलका मदतनीस आहे. पायाशी नात. पलीकडच्या खोलीत तिची आई, म्हणजे आबांची मुलगी, कपड्यांच्या घड्या घालतेय. आबांची गोष्ट अगदी रंगात आली होती, आणि…)

नात: आई, लवकर ये! आबांच्या यंत्रात भलताच माणूस शिरलाय!

आई: शिरायला काय ते दार आहे? नीट सांग, काय झालं?

नात: अस्वलाने दार ढकललं, इथपर्यंत आबा बोलत होते. मग एकदम हा दुसराच कोणीतरी बोलायला लागला. मी कान बंद केले.

आई: बाबा, काही दाबलंत का? नुसती मान काय हलवता, दाखवा इकडे. मदतनीस, आवाज का बदलला?

मदतनीस: या महिन्याची अक्षरं संपली आहेत. तुमच्या प्लॅनमध्ये आजोबांच्या आवाजासाठी दर महिन्याला ठरावीक अक्षरं मिळतात. ती संपली की यंत्र स्वतःचा साधा आवाज वापरतं. त्याला मर्यादा नाही. पहिल्या तारखेला अक्षरं पुन्हा मिळतील.

नात: अक्षरं संपतात? आमच्या बाईंची तर कधीच संपत नाहीत!

आई: अगं, अजून अर्धा महिना जायचाय. एवढी गेली कशात?

मदतनीस: बरीचशी गोष्टी सांगण्यात. बाकीची ‘ठमाबाई, कुठे आहात?’ या एका वाक्यात.

नात: ठमाबाई म्हणजे मी.

आई: ठाऊक आहे गं बाई. मदतनीस, याहून मोठा प्लॅन आहे का?

मदतनीस: आहे. त्यात अक्षरांची मर्यादाच नाही.

नात: घे ना, आई! वाढदिवसाला मला काही नको.

आई: घेतेय, घेतेय, जरा दम धर. कर अपग्रेड.

मदतनीस: त्यात आजोबांचा आवाज ठेवायला त्याचा अर्ध्या तासाचा नमुना लागेल. आपल्याकडे पाचच मिनिटांचा आहे. आजोबांनी आणखी थोडं वाचलं, की…

आई: वाचलं की? अरे, त्यांना वाचता आलं असतं तर तुला घरात कशाला आणलं असतं?

मदतनीस: खरं आहे, चुकलो. जुनं रेकॉर्डिंगही चालेल. घरचे व्हिडिओ असतील तर पाहा. फक्त बोलणारे ते एकटेच हवेत.

आई: व्हिडिओ ढीगभर आहेत. पण काढायचे बाबाच. सगळ्यांत आमचाच गलका, आणि यांचं एवढंच ऐकू येतं, ‘हसा जरा.’

मदतनीस: तेवढ्यावर होणार नाही. नमुन्याची अट माझ्या हातात नाही.

नात: मग ऑपरेशनच्या आधीच का नाही वाचलं अर्धा तास?

आई: सांगितलं होतं गं. पाच मिनिटं वाचलं आणि म्हणाले, म्हाताऱ्याची टकळी कोण ऐकणार, चहा टाक.

आबा (यंत्राच्या साध्या आवाजात): चहा छान झाला होता.

नात: नको! या माणसाने बोलायचं नाही!

आई: ठमे, माणूस नाही तो. आबांनीच लिहिलंय.

नात: आबा असे नाही बोलत.

आई: आता असेच बोलणार. पहिल्या तारखेपर्यंत.

नात: आणि मग?

आई: मग थोडे दिवस आपले आबा. मग पुन्हा हे.

नात: … मदतनीस, आणखी कुणाचा आवाज ठेवता येतो का?

मदतनीस: या प्लॅनमध्ये नाही. मोठ्यात घरातल्या चौघांचे ठेवता येतात. ज्याचा आवाज, त्याने अर्धा तास वाचायचं.

नात: आई, त्या घड्या राहू देत. इथे बस.

आई: मी? मला काय धाड भरलीय? माझा घसा चांगला खणखणीत आहे.

नात: आबांचाही होता.

आई: … कामं पडलीत गं. उद्या बघू.

आबा: उद्या नको. आत्ता वाच.

आई: बाबा, तुम्हीसुद्धा!

नात: आबा म्हणाले ना आत्ता? मग आत्ताच. सरक थोडी, मलाही बसू दे. हे घे माझं पुस्तक. मदतनीस, आबांचा हा प्लॅन राहू दे, मोठाही घे आणि सुरू कर. हं, वाच… आई, रडत नको ना वाचूस. तोच आवाज राहील मग.