यंत्राची खोळ

आधी हे लिहा: सकाळी नऊला चौकीत आले, अकरापर्यंत कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. हे लिहिल्याशिवाय पुढचं सांगणार नाही.

नाव: ओळखपत्रावरून उतरवून घ्या, गल्लीत इस्त्रीवाली आजी म्हणतात. वय: अडुसष्ट. धंदा: कपडे धुणं, इस्त्री. राहणार: ओतकाम कारखान्यामागची गल्ली, चौथा मजला, गच्चीला लागून.

समोर बसून, कोणी न पढवता सांगते की, गेल्या वर्षी आमच्या गच्चीवर हवा मोजायचं सरकारी यंत्र बसवलं. त्यातला धूळ टिपणारा पांढरा कागद दर शनिवारी काढून कचेरीत द्यायचं काम माझ्या मुलाकडे आहे. दुपारी दोनला भट्टी उघडते, काजळी पडते. तेव्हा मी वाळत घातलेल्या चादरी काढते. नवं यंत्र काळं होऊ नये म्हणून त्यावरही जुना अभ्रा चढवायची, साडेपाचला काढायची. मुलगा त्या वेळी कामावर असतो. त्याला ठाऊक नव्हतं.

एका दुपारी कारखान्याचे मोठे साहेब गच्चीवर आले. म्हणाले, "आजी, हे कोण झाकतं?"

"मीच. वस्तू सरकारची, पण घाण माझ्या डोळ्यांदेखत होते."

ते हसले. "असंच झाकत जा. कोणाला सांगत मात्र बसू नका."

तिसऱ्या दिवशी कारखान्यातून निळ्या कापडाची खोळ आली. नाड्यांसकट तंतोतंत बसली. माप घ्यायला कोणी आलं नव्हतं. मी कौतुकाला भुलले, तेही लिहा.

पुढे गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली: येथील हवा उत्तम. त्या जोरावर कारखान्याला दुसरी चिमणी मिळाली. पंखवाल्या चिमण्या कधीच गेल्या.

सून म्हणाली, "आई, हवा एवढी चांगली, तर पोरीच्या छातीत मांजर कशाला घुरघुरतं?"

मी म्हटलं, "यंत्र काय खोटं बोलेल? तू तिला गार पाणी देऊ नकोस."

नात सहा वर्षांची आहे. सोमवारपासून दवाखान्यात, नळीवर. त्याबद्दल विचारू नका.

काल तपासणीत खोळ सापडली आणि तुम्ही मुलाला धरून आणलंत. खोळ मी चढवली. गाठी माझ्या हातच्या आहेत; त्याला बुटाची नाडीसुद्धा धड बांधता येत नाही.

जबाब हवालदारांनी वाचून दाखवला. कारखान्याच्या साहेबांचं बोलणं गाळलं होतं, ते घालायला लावून पुन्हा ऐकलं. आता मी सांगितलं तसाच आहे. अंगठा नको, सही येते मला.

मुलाला सोडा. मला ठेवायचं तर ठेवा. आणि साहेबांना बोलवा. वकील नको, कारकून नको. उत्तर त्यांनी स्वतःच्या तोंडानं द्यायचं.