आतला टायर

लेक : किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवायची आणि गुपचूप निघायचं. मला साधा फोन नाही, काकूंकडून कळतं. ही काय रीत झाली?

आई : फोन केला असता तर तू इथं आली असतीस.

लेक : आलेच की!

आई : एकटी आलीस. फोन केला असता तर जावईबापूंनाही घेऊन आली असतीस. ट्रकच्या मडगार्डला टेकू नकोस, ओढणी काळी होईल.

लेक : होऊ दे. आई, चल घरी.

आई : या बाजूला येऊन बोल. तिकडून काही कळत नाही, गाड्यांचा नुसता गोंगाट आहे.

लेक : गोंगाट दोन्हीकडून सारखाच आहे.

आई : ये म्हटलं ना.

लेक : बरं, आले. आता ऐक. या वयात कुणी ट्रकवर परत जातं का? गुडघे बघ तुझे. जिना चढताना कठडा धरतेस.

आई : ट्रकला जिना नसतो. दोन पायऱ्या चढले की बसूनच आहे. आणि वयाचं मला सांगू नकोस. तो मुकादम बघ, माझ्याहून थोरला आहे, केस रंगवून हिंडतो.

मुकादम : ऐकलं हां मी! मास्तरीणबाई, एवढ्या वर्षांनी यार्डात पाय ठेवलात आणि पहिलं नापास मलाच?

आई : तुम्ही तेव्हापासून त्याच वर्गात आहात.

मुकादम : हॅहॅहॅ! जीभ गंजली नाही अजून. आणि ही कोण, छोटी का? अगं, केवढी झालीस! सुट्टी लागली की केबिनमध्ये पाय हलवत बसायचीस. आमच्या गाड्यांचे टायर तपासत हिंडायचीस, आईच्या मागून. पास, नापास! म्हणून तर आई आमची मास्तरीणबाई.

लेक : नमस्कार काका. मी आईला न्यायला आलेय.

मुकादम : न्यायला? अगं, माल चढलाय, ताडपत्री बांधून झालीय. ड्रायव्हर मिळत नाहीत हल्ली. पोरं येतात, दोन फेऱ्या मारतात, पळून जातात. तुझ्या आईचा फोन आला तर मला देव भेटल्यासारखं झालं. बाई, तुम्ही टायर ठोकून घ्या, मी कागदांवर शिक्के मारून आणतो. छोटे, आईला सोड गं बाई. माझं पोट आहे तिच्यावर.

लेक : गेला एकदाचा. आई, माझ्याकडे बघ. घरात तुला काय कमी आहे?

आई : काही नाही.

लेक : मग?

आई : काहीच कमी नाही, म्हणून तर. सकाळी उठते, चहा होतो, पेपर होतो, कुंड्यांना पाणी होतं. मग दिवस उरतो. तो कुठं ठेवू? आज इथं फाटकातून आत आले, कुणीतरी लांबूनच मास्तरीणबाई म्हणून हाक मारली. मला किती बरं वाटलं बघ. कितीतरी वर्षांनी मला कुणी माझ्या कामाच्या नावानं हाक मारली.

लेक : आणि मी? मी पुन्हा रात्र रात्र जागत बसू? लहान होते तेव्हा मावशीच्या खिडकीत बसायचे. प्रत्येक ट्रक तुझाच वाटायचा. तुला नाही कळायचं ते.

आई : कळायचं. म्हणून तर सोडली गाडी. आता तू मोठी झालीस, तुझा संसार आहे. आता खिडकीत बसायचं काही कारण नाही. ती टॉमी दे इकडे.

लेक : ही लोखंडी कांब? घे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

आई : नको म्हणूस. टायर ठोकायला बरोबर चल, म्हणजे झालं. विसरलीस की काय सगळं?

लेक : कशी विसरेन? हवा भरलेला टायर टणटणीत बोलतो. बसलेला धप्प करतो. मागच्या जोडटायरांत आतला बसला तरी दिसत नाही, बाहेरचा त्याला उचलून धरतो. मग सगळं ओझं बाहेरच्यावर. तापतो, आणि भर रस्त्यात फुटतो.

आई : शाब्बास. शंभरपैकी शंभर.

(आई टॉमीनं एकेक टायर ठोकत ट्रकभोवती फिरते. लेक मागोमाग.)

आई : पास. हा पण पास. बघ कसा बोलतोय. चल मागं. बाहेरचा, पास. आतला, पास.

लेक : थांब. आतला पुन्हा मार.

आई : मारला की आत्ता.

लेक : मार ना एकदा.

आई : घे. पास.

लेक : आणखी एकदा. जोरात.

आई : अगं, टायर आहे की ढोल? घे. झालं समाधान? पास.

लेक : आई, तो नापास आहे.

आई : काहीतरीच.

लेक : धप्प वाजतोय. पहिल्यांदा वाजला तेव्हाच मला कळलं. तिसऱ्यांदा तर त्या पलीकडच्या क्लीनरनंसुद्धा वळून बघितलं. तुला नाही ऐकू आलं?

आई : गोंगाट किती आहे इथं.

लेक : मघाशी म्हणालीस या बाजूला ये. घरी सोफ्याच्या एकाच टोकाला बसतेस, सगळे एका बाजूला येतील असं. टीव्ही एवढा मोठा लावतेस की खालच्या मजल्यावरचे वर येतात. आई, खरं सांग.

आई : डावा गेलाय. उजव्याला येतं, थोडंफार. बोलणं कळतं. हे असलं बारीक नाही कळत.

लेक : कधीपासून?

आई : हळूहळू जातो तो. एका दिवशी गेला असं नसतं.

लेक : कशानं?

आई : जाऊ दे ना आता.

लेक : कशानं, आई?

आई : पत्र्याच्या कारखान्यात. प्रेसवर. तिथं सगळ्यांचेच जातात. कापूस घालायचो कानात, त्यानं काय होतंय? पाळी सुटल्यावरसुद्धा डोक्यात धाड धाड चालूच.

लेक : तिथं तू माझ्यामुळे गेलीस.

आई : घराजवळ होता कारखाना.

लेक : तेच. मी दारात आडवी पडले होते. गेलीस तर जेवणार नाही म्हणाले. मावशी मला ओढत होती, आणि तू पिशवी खाली ठेवलीस. मला आठवतंय ते. तेव्हा मला काय आनंद झाला होता!

आई : मलाही झाला होता. खोटं कशाला सांगू? तुझी आजारपणं काढली, तू शाळा शिकलीस, मी जवळ होते. त्याचं मला वाईट वाटत नाही. फक्त कान गेला त्याचं वाटतं. तो मला लागणार होता गं. परत यायचं माझ्या मनात पहिल्यापासून होतं, आणि परत यायला जे लागतं तेच तिथं ठेवून आले.

लेक : आणि लायसनसाठी डॉक्टरनं तपासलं तेव्हा?

आई : डोळे बघितले त्यानं. कानाचं विचारत होता, मी त्याचे ओठ बघून उत्तरं दिली. घाईत होता बिचारा.

लेक : आई! मागून कुणी हॉर्न मारला तर?

आई : आरसे आहेत.

लेक : आणि आतल्या टायराला आरसा आहे?

आई : आतल्या टायराला टॉमीचं नुसतं टोक पोचतं. हाताला काही लागत नाही. तिथं कानच लागतो. मला वाटलं होतं, जमेल. इतक्या वर्षांची सवय, आवाज आठवणीतूनच येईल. आणि आला गं! तिन्ही वेळा टणटणीत आला. तेच तर भयंकर आहे.

मुकादम : हे घ्या कागद. सगळं ठीक ना? की छोटीनं फितवलं?

लेक : काका, मागचा डावीकडचा आतला टायर बसलाय. आईनं ओळखला.

मुकादम : बघा! म्हणून तर मास्तरीणबाई हव्यात. सकाळी त्या दोन गाढवांनी ठोकून बघितला होता, म्हणे सगळं ओके. थांबा, जॅक मागवतो, बदलून देतो. मग निघा.

आई : मी नाही ओळखला.

लेक : आई.

आई : तू गप्प. मुकादम, मी तीनदा ठोकला आणि तीनदा पास केला. हिनं ओळखला. माझा डावा कान गेलाय आणि उजवा अर्धा.

मुकादम : कान? आणि हे आत्ता सांगताय?

आई : तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही बोलावलं नसतं.

मुकादम : बाई, असं करू. मी आत्ता शिक्का मारत होतो, मी काही ऐकलेलं नाही. टायर बदलतो. बाकीचे तर चांगलेच आहेत. आजची फेरी करून या, पुढचं पुढे बघू. माझा माल अडलाय हो.

आई : आणि उद्या सकाळी तिकडून निघताना कोण ठोकणार? वाटेत जेवायला थांबल्यावर कोण ठोकणार? रस्त्यावर पुढेमागे माणसं असतात, मुकादम. त्यांच्याही पोरी कुठल्यातरी खिडकीत बसलेल्या असतील.

मुकादम : मग मी काय करू? सांगा तुम्हीच.

आई : दुसरा ड्रायव्हर बघा.

मुकादम : फार वाईट वाटतंय मला. खरंच. कानाच्या डॉक्टरला दाखवा. यंत्र मिळतं म्हणे, कानात बसवायचं. त्यानं लिहून दिलं तर या. या नक्की, मी आहे इथं. आता कुणाला शोधू या घडीला! ए, जॅक आणा रे! कुठं मेले सगळे?

आई : गेला. चल. झालं तुझ्या मनासारखं.

लेक : असं बोलू नकोस.

आई : खरं तेच बोलतेय. रागानं नाही. पिशवी घे ती. डबा वर आहे, दुपारचं बांधून आणलं होतं. घरी जाऊन खाऊ.

लेक : आई, मी मनातून देवाला म्हणत होते, काहीतरी होऊ दे आणि ही जाऊ नये. असं काहीतरी नव्हतं म्हणायचं मला.

आई : माहीत आहे मला. रडतेस काय? लोक बघतायत. इथं मी कधी रडले नाही, तू कशाला रडतेस?

लेक : जॅक यायचाय अजून. पिशवी ठेव खाली.

आई : कशाला?

लेक : ठेव ना. टॉमी दे मला. तू मागून खाली वाक, हात आत घाल. तळवा आतल्या टायरवर ठेव. पलीकडच्या बाजूच्या, चांगल्या. बाहेरच्याला कोपर लागू देऊ नकोस.

आई : हे कसलं खूळ?

लेक : कानानं नाही तर हातानं कळतंय का बघू. डोळे मीट. मी मारते. हा?

आई : हाताला थरथर लागली. पार मनगटापर्यंत आली.

लेक : म्हणजे?

आई : पास.

लेक : आता इकडे ये. गुडघा सांभाळ. हात आत घाल. डोळे मिटलेस? हा?

आई : थांब.

लेक : काय लागलं? सांग ना, आई. काही लागलं का?

आई : थरथर आली नाही, की मलाच कळली नाही? पुन्हा मार.