मंजिरीची पुस्तकं

मंडळी, एक सांगा. वस्तू आपल्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली, म्हणजे दान झालं का? हसू नका — ओटीत दिलेला ब्लाउजपीस फिरत फिरत आपल्याच घरी येतो, ते मलाही ठाऊक आहे! पण दिलेलं मनातून सुटतं कधी? ऐका.

औशाचे यशवंतराव बिडवे. त्यांची एकुलती एक मुलगी मंजिरी. पुस्तकवेडी — जेवतानासुद्धा ताटाशेजारी पुस्तक. कॉलेजात असताना ताप आला, मेंदूत गेला, आणि पोर हातची गेली. पुढं नवरा-बायको नुसती तिच्या पुस्तकांवरची धूळ पुसत राहिली. शेवटी सुमित्राबाई म्हणाल्या, "अहो, कोळवाडीच्या शाळेत गोष्टीचं एक पुस्तक नाही. देऊन टाकू."

यशवंतराव 'हो' म्हणाले. तोंडानं.

ठरल्या दिवशी दोघं जीपमधून पुस्तकांची खोकी घेऊन शाळेत आली. पटांगणात पोरं बसली, खोकी उघडली. गुरुजींनी रेणुका नावाच्या मुलीला उठवलं — "वाच गं, मोठ्यानं."

हरवलेल्या रेडकाची गोष्ट होती. पोरगी अडखळत वाचत होती. अर्ध्या पानावर कडेला पेन्सिलीनं काही लिहिलेलं. तिनं तेही सरळ वाचून टाकलं — "बाबा, इथे तुम्ही रडला होतात. मी पाहिलं."

यशवंतराव ताडकन उठले. पोरीच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं आणि निघाले, थेट जीपकडे. पोर भेदरली.

गुरुजी पुटपुटले, "राहू द्या ताई. एक पुस्तक नेऊ द्या त्यांना."

"नको गुरुजी." सुमित्राबाई म्हणाल्या. "आज एक नेलं, तर उद्या सगळी न्यायला येतील. आणि मीही येईन त्यांच्याबरोबर."

यशवंतराव आत बसून ड्रायव्हरला म्हणाले, "चल." सुमित्राबाई गाडीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर चावीला हात लावेना.

सांगा मंडळी, कोणाची बाजू घ्याल? आईची, का बापाची?

तेवढ्यात रेणुका खिडकीपाशी आली. गालावर अजून ओल. "काका, रेडकू सापडतं का?"

यशवंतरावांनी सांगायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पान काढलं, तर अक्षरं दिसेनात. मग पुस्तक खिडकीबाहेर धरलं. "तूच वाच. मला ऐकव."

ती वाचू लागली. जोडाक्षराला अडली, की आतून हलकेच तो शब्द यायचा. रेडकू सापडलं तशी पोरगी खुदकन हसली. मग त्या पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे खोडू का?"

"नको," यशवंतराव म्हणाले. "तुला जिथं रडू येईल, तिथं तूही लिही." आणि खाली उतरून बायकोचा हात धरून पोरांत जाऊन बसले.

दान झालं ते तेव्हा, मंडळी. खोकी उतरवली तेव्हा नाही! आणि आपण? देवळाला दिलेल्या पंख्यावरचं नाव पुसलं म्हणून विश्वस्तांशी भांडणारे इथंच बसलेत — मी कोणाकडं बघत नाही. आता देवाचं नाव घ्यायचंय. टाळीला दोन्ही हात लागतात, आणि तेही रिकामे. बघा, तुमच्या मुठीत अजून काय राहिलंय?