बाळंतिणीची गोधडी

(पिंपळगाव राजा. सरकीच्या कोठीला बाहेरून कुलूप. आत शारदा. बाहेर गजाच्या खिडकीशी तिचा भाऊ चिंतामण आणि सासू मनकर्णाबाई.)

चिंतामण : हात अजून बाहेर काढ, शारदे. बोटांच्या बेचकीत पाहू दे.

मनकर्णाबाई : शिवू नका तिले. महारोग हाय थो. उद्या हिचा नवरा, माहा उत्तम, बंडी जुंपते न तिले महारोग्यायच्या आश्रमात नेऊन टाकते.

चिंतामण : मावशी, नऊ वर्षं झाली मला खामगावच्या दवाखान्यात कंपाउंडर होऊन. शारदे, खाजतं कधी?

शारदा : अंथरुणावर पडली का जास्त. दोन महिने झाले, दादा. सरकीच्या पोत्यायले घासून घासून पाठ सोलली.

चिंतामण : महारोगात चामडी बधिर होते, मावशी. सुई टोचली तरी समजत नाही. हे पाहा.

शारदा : आई गं.

चिंतामण : समजलं तिला. ही खरूज आहे. आता हे बेचकीतून सुईच्या टोकावर काढलं, पाटीवर ठेवलं. भिंगातून पाहा.

मनकर्णाबाई : खसखशीहून बारीक हाय... अन् चालून राह्यलं. पाय किती हो त्याले?

चिंतामण : आठ. गोचिडाच्या जातीचं. मृगात लाल मखमली किडा निघतो ना, तोही त्याचाच भाऊबंद. तुमच्या उकिरड्यात तर असे हजारो असतील, पाला कुजवायला तेही लागतात. ही जात मात्र माणसाच्या चामडीत भुयार खणते. मादी आत शिरते, अंडी घालते, तिथंच मरते.

शारदा : तिनं आपल्या मनानं खनलं. मले तं कोंडलं.

मनकर्णाबाई : पन हे आलं कुठून? आमच्या घरात असं काही नवतं.

चिंतामण : अंगाला अंग लागून येतं, नाहीतर पांघरुणातून. बाळंतपणात कोणाचं होतं?

शारदा : आत्याबाईची गोधडी. या घरी पयल्या बाळंतिणीले सासूचीच देतात.

चिंतामण : मावशी, पदराखालचा हात दाखवा. मी आल्यापासून मनगट खाजवताय.

मनकर्णाबाई : घामोळ्या हायेत.

शारदा : आन पोरगी? तुमच्याजवळ निजते. तिचं रडनं इथं आयकू येते मले. तळपाय घासते का थे?

मनकर्णाबाई : ...हाव. घासते.

चिंतामण : मावशी.

मनकर्णाबाई : मले दिवाळीपासून खाजते. वाटलं, कोनाले दिसलं तं मलेच नेऊन टाकतीन. मंग हिच्या अंगावर दिसलं, न मीच आधी बोंबलली.

चिंतामण : गंधकाचं तेल आणलंय. घरच्या सगळ्यांनी लावा, गोधड्या उकळा. पोरीसाठी पातळ करून देतो. दार उघडा आता.

मनकर्णाबाई : किल्ली उत्तमजवळ हाय. थो आश्रमवाल्यायले सांगाले गेला. सकाळी येईन.

शारदा : थे आले का त्यायले काय सांगान?

मनकर्णाबाई : गोधडी माही होती, म्हून सांगतो.

शारदा : मंग दादा, बाटली आत दे. आत्याबाई, तुमी हात गजातून आत घाला. पोरगी आज बी तुमच्याजवळच निजन. आधी तुमाले लावतो.