विमानातली जागा

कोरियातल्या चांगवॉन शहरात दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या बोंगन्यो आजीच्या पाठीमागे दोन म्हातारे बोलत होते. आजीचा कान तिकडेच.

"दादा, राष्ट्राध्यक्षांच्या परदेश दौऱ्यात त्यांच्या विमानात जागा मिळाली म्हणून तुमच्या कंपनीच्या चेअरमननी उझबेकिस्तानात कारखाना कबूल केला, खरं ना?"

"सरकारला नाही म्हणायची सोय होती का, थेशिक?"

"आणि मला म्हणालात, 'मोठी कंपनी निघालीय, तूही मागोमाग चल.'"

"सगळेच पुरवठादार तसं जातात रे. सरकार बदलेल हे मला काय ठाऊक!"

"नव्या सरकारनं पाठ फिरवली, चेअरमन कारखाना अर्धवट टाकून परतले. मी वर्कशॉप विकून गेलो होतो. मी कुठं परतायचं?"

"चुकलंच माझं. दवाखान्यात कुणाला आणलंयस?"

"बायकोला. वर्कशॉप तुमच्यामुळे गेलं असंच ती अजून म्हणते. ती बाहेर येतेय, तुम्ही जरा पलीकडे बसा."